मी मारलेलं हरीण

बाबांनी ती अकरा एकर जमीन घेतली तेव्हा आईला सांगितलं होतं की आपण तिथे भाजी लावू. आईने लगेच मेथी, अंबाडी, गवार अशी यादी सुरू केली होती. आम्ही मॉरिसव्हिलला एका टाउनहाऊसमध्ये राहायचो, मागच्या अंगणात चार कुंड्या ठेवल्या की पाचवीला जागा नसे. जमीन तिथून पाऊण तासाच्या ड्राइव्हवर. कधीकाळी तंबाखू पिकवलेलं आणि मग सोडून दिलेलं एक शेत, तिन्ही बाजूंनी जंगल, खालच्या अंगाला ओढा. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही खरंच भाजी लावली आणि हरणांनी ती एका आठवड्यात संपवली. अंबाडी खाल्ली, गवार खाल्ली, मिरचीची रोपंसुद्धा शेंड्यापासून कुरतडली. बाबा त्या खुंटांमध्ये कमरेवर हात ठेवून उभे होते आणि म्हणत होते, “अरे बाप्पा! मिरची पण?”

तेवढ्यात शेजारचे मिस्टर वेंडेल आपला जुना पिकअप घेऊन आले. ते शाळेची बस चालवून रिटायर झालेले, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्या भागात मुलं मोठ्यांना नावाआधी मिस्टर लावूनच हाक मारत, म्हणून माझ्यासाठी ते कायम मिस्टर वेंडेल. त्यांनी आमची बाग पाहिली, हसले नाहीत. म्हणाले, “यांच्याशी भांडून इथे कोणी जिंकलेलं नाही. त्यांच्यासाठीच पेरा, त्यांना राहायला जागा करा, आणि हिवाळ्यात एखाददुसरं आपल्या फ्रीझरसाठी घ्या. आम्ही सगळे तेच करतो.” बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला अजून दिसतं. बाबांना नागपूरला कृषी महाविद्यालयात जायचं होतं. बारावीला मार्क जास्त पडले म्हणून घरच्यांनी इंजिनिअरिंगला घातलं. वीस वर्षं कम्प्युटरसमोर बसल्यावर कुणीतरी त्यांना पुन्हा शेती कर म्हणत होतं. मी अकरा वर्षांची होते. पुढची तीन वर्षं आमचा प्रत्येक शनिवार तिथे गेला.

हरणांसाठी पेरायच्या त्या तुकड्याला आम्ही नुसतं ‘प्लॉट’ म्हणायचो. आधी माती तपासली. शेताच्या दहा ठिकाणची माती बादलीत एकत्र करून तिचा नमुना छोट्या खोक्यात भरायचा, खोक्यावर पेन्सिलने नाव लिहायचं, हे माझं काम. निकाल आला की माती आंबट आहे. मग चुना टाकला, इतका की घरी जाताना आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो. सप्टेंबरच्या शेवटी गहू, ओट आणि क्लोव्हर नावाचं तीन पानांचं चाऱ्याचं गवत पेरायचं. क्लोव्हरचं बी खसखशीपेक्षा थोडंसं मोठं. ते खोल गेलं तर उगवत नाही, म्हणून मिस्टर वेंडेलनी गळ्यात अडकवायचं, वरच्या वर बी विखुरणारं एक यंत्र दिलं होतं. दांडी फिरवत चालायचं, चालीचा वेग बदलू द्यायचा नाही. बाबांचा बदलायचा. त्यांच्या भागात क्लोव्हर एकीकडे दाट, एकीकडे टक्कल. माझ्या भागात सतरंजी अंथरल्यासारखं. पुढच्या वर्षीपासून बाबांनी ते यंत्र गळ्यात घातलंच नाही, मलाच दिलं.

प्लॉटच्या मधोमध आम्ही जाळीचं एक गोल कुंपण उभं केलं होतं, बादलीपेक्षा जरा मोठं. आतलं क्लोव्हर हरणांना खाता येत नसे. ते गुडघ्यापर्यंत वाढायचं आणि बाहेरचं घोट्याइतकंच राहायचं. त्या फरकावरून हरणं किती येतात ते कळायचं. मी दर शनिवारी आत-बाहेर पट्टी लावून मोजायचे. एकदा मी आतली मूठभर पानं घरी नेली. आईने ती बोटांत चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, “मेथीच्या मावसबहिणी आहेत.” तेवढाच तिचा त्या शेताशी संबंध. ती कधी आली नाही. ती साताऱ्याच्या शुद्ध शाकाहारी घरातली. नागपूरच्या माणसाशी लग्न केल्यावर तिने एकच अट घातली होती की बाहेर काय खायचं ते खा, माझ्या ओट्यावर नाही. पण शनिवारी सकाळी ती आमच्याआधी उठलेली असायची. तिखटमिठाच्या पुऱ्या, दह्याचा डबा, लसणाची चटणी, आणि मिस्टर वेंडेलसाठी वेगळ्या फॉइलमध्ये चार पुऱ्या, कारण त्या त्यांना आवडतात असं मी एकदा सांगितलं होतं.

जंगलाचं काम थंडीत. स्वीटगमची झाडं दाटीने वाढून ओकचा उजेड अडवायची. मिस्टर वेंडेलनी आम्हाला शिकवलं की झाड पुरतं तोडायचं नाही. छातीच्या उंचीवर बुंधा अर्ध्याहून जास्त कापायचा आणि मग हळूच ढकलून आडवा करायचा. उरलेल्या सालीच्या जोरावर ते झाड जिवंत राहतं, वसंतात आडव्यानेच पालवतं, आणि हरणांना तोंडाच्या उंचीवर पाला मिळतो, खाली लपून बसायला जागा होते. करवत बाबा चालवायचे, ढकलायला मी. झाड कडकड करत जमिनीवर टेकलं की आम्ही दोघं एकदम “हो!” म्हणून ओरडायचो. दुसऱ्या वर्षी तिथे काटेरी ब्लॅकबेरी माजली, तिच्यात हरणांच्या बसण्याच्या लंबगोल जागा दिसायला लागल्या, गवत दबलेलं, कधीकधी हात लावला तर ऊब असायची. त्यानंतर मिस्टर वेंडेलनी सांगितलं, “आता आत पाऊल टाकायचं नाही. कुणी आपल्या बेडरूममध्ये फिरलेलं आपल्याला चालेल का?” आम्ही टाकलं नाही.

मी हे सगळं इतकं सविस्तर का लिहितेय ते मला माहीत आहे. त्या तीन वर्षांत मी बाबांशी जितकं बोलले तितकं पुढच्या पंचवीस वर्षांत मिळून बोलले नाही.

चौदाव्या वर्षी मी हंटिंगच्या सेफ्टीचा कोर्स केला. लायब्ररीच्या हॉलमध्ये सोळा मुलं आणि मी एकटी मुलगी. परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. बाबांनी तो कागद फ्रिजवर लावला, आईने तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला, बाबांनी पुन्हा लावला. मिस्टर वेंडेलनी त्यांची हलकी रायफल दिली. पहिल्या दोन शनिवारी मचाणावर बसून मी एकही गोळी झाडली नाही. एकदा हरिणीबरोबर पिल्लू होतं, एकदा आलेली हरिणी नेम धरण्याइतकी नीट आडवी उभी नव्हती. तिसऱ्या शनिवारी, उन्हं उतरायला लागल्यावर, एक मोठी हरिणी ब्लॅकबेरीतून निघाली आणि माझ्या भागातल्या क्लोव्हरमध्ये येऊन उभी राहिली. बाबांचा श्वास माझ्या कानाशी थांबला होता. मी तिच्या खांद्यामागची जागा धरली आणि चाप ओढला. ती तीसेक पावलं पळाली आणि ओढ्याच्या अलीकडे कोसळली. रायफल बाबांनी माझ्या हातातून काढून घेतली. खाली उतरल्यावर मी रडले. तिच्या पापण्या फार लांब होत्या. बाबांनी मला रडू दिलं. मग माझ्या डोक्यावरची शिकारीतली केशरी टोपी सरळ केली आणि म्हणाले, “पेरण्यापासून हे तू केलंस, शरू. मी फक्त बाजूला बसलो होतो. मी सगळ्यांना सांगणार आहे.”

मिस्टर वेंडेलनी फोटो काढला. मी हरिणीशेजारी गुडघ्यावर बसलेय, डोळे सुजलेले, तरी हसतेय. मग त्यांच्या शेडमध्ये मांस कापलं, कागदात बांधलं. बाबांनी घरून चोरून आणलेला सावजी मसाला काढला आणि तिथेच गॅसच्या शेगडीवर रस्सा केला. मिस्टर वेंडेलच्या कपाळावरून घाम ओघळत होता, नाक लाल झालं होतं, आणि तरी ते पावाने भांडं पुसत होते. म्हणाले, “सत्तर वर्षं हे खातोय, पण मला कुणी सांगितलंच नव्हतं की ते असंही लागतं.” परत येताना गाडीत बाबा गुणगुणत होते. मी फार सुखी होते.

आमच्या मराठी मंडळाची दिवाळी त्या वर्षी दिवाळी होऊन तीन आठवड्यांनी झाली, कारण शाळेचा कॅफेटेरिया तेव्हाच रिकामा मिळाला. बाबा अध्यक्षपदासाठी उभे होते. कार्यक्रमानंतर जेवणं, आणि जेवणानंतर मतदान. बाबांनी नवा रेशमी कुर्ता घातला होता, प्रत्येक टेबलापाशी थांबून ते “काय म्हणता, काका? गुडघा कसा आहे?” असं विचारत होते. मी श्रीखंडाच्या वाट्यांचा ट्रे घेऊन त्यांच्या मागे होते. सदावर्ते काका-काकूंच्या टेबलाशी आम्ही पोचलो. काका मंडळाच्या संस्थापकांपैकी. ते ज्याला हो म्हणत त्याच्याकडे तीसचाळीस मतं जात, हे सगळ्यांना माहीत होतं.

काकू म्हणाल्या, “अहो, स्टेजच्या सजावटीला गवताच्या पेंढ्या हव्या होत्या ना, त्या आणायला मी तिकडे गावाकडच्या दुकानात गेले होते. तिथे भिंतीवर शिकारीचे फोटो लावलेत. त्यात एक आपली मुलगी! मेलेल्या हरणाशेजारी बसून हसतेय. मी म्हटलं ही शर्वरीच. पण मग म्हटलं, शक्यच नाही.”

सदावर्ते काकांनी चष्मा वर केला. “हरीण?” ते म्हणाले. त्यांच्या पानात चिकनचं हाड नव्हतं ते केवळ मंडळाचं जेवण शाकाहारी होतं म्हणून. त्यांच्या घरी दर रविवारी बोकडाचं मटण शिजायचं. पण ते मला आता सुचतंय. तेव्हा मी बाबांकडे पाहत होते, आणि खरं सांगते, मी आनंदाने पाहत होते. मला वाटलं, हीच ती वेळ, बाबा आता सांगतील.

बाबा हसले. “छे हो काकू! ते आमच्या शेजाऱ्याने मारलं. हौस म्हणून हिला शेजारी बसवून फोटो काढला. ही कसली शिकार करते! झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढते.”

सगळे हसले. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, “I shot it.” कुणाला ऐकू गेलं नसावं म्हणून मग मराठीत म्हणाले, “मी मारलं. बाबा, सांग ना.”

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेरून पाहणाऱ्याला ते लाड वाटले असतील. “शरू, गंमत पुरे,” ते म्हणाले, आणि काकांकडे वळून आवाज जरा खाली आणून, “त्या माणसाला मी स्पष्ट सांगणार आहे. लहान मुलीला असल्या गोष्टींत ओढायचं म्हणजे काय! इथल्या या लोकांना कळत नाही हो.”

‘इथल्या या लोकांना.’ मी ट्रे टेबलावर ठेवला. एक वाटी कलंडली आणि श्रीखंड काकूंच्या पदराजवळ सांडलं. काकू म्हणाल्या, “असू दे, असू दे, बाळ.” मी कॅफेटेरियाच्या दुसऱ्या टोकाला पाणी पिण्याच्या नळाशी जाऊन उभी राहिले आणि तोंड धूत राहिले. आई तिथे आली. तिने सगळं ऐकलं होतं, ती मागच्याच टेबलावर बसली होती. तिने पदराने माझा चेहरा पुसला. बाबा चांगल्या मतांनी निवडून आले.

परतताना गाडीत आई म्हणाली, “तुम्ही तिला भर लोकांत खोटं पाडलंत.”

“अगं, तिथे काय लेक्चर देत बसणार होतो? एक वाक्य बोललो, विषय संपवला.”

“मला ते हरीण मारलेलं आवडलं नाही, ते मी तिला सांगितलंय. पण तिने जे केलं ते तिने केलं होतं. तुम्ही शिकवलं होतं.”

“लोक मुलीबद्दल काय काय बोलतात तुला माहीत नाही. तिच्यासाठीच बोललो मी.”

मागच्या सीटवर बसून मी हे शेवटचं वाक्य ऐकलं, आणि हॉलमध्ये जे झालं त्यापेक्षा ते जास्त लागलं. आज मी जवळपास तेव्हाच्या बाबांच्या वयाची आहे. मलाही चारचौघांत कधीकधी सोपं खोटं बोलावंसं वाटतं, आणि ते किती सहज तोंडातून निघतं ते मला माहीत झालंय. पण त्या खोट्याला मुलीचं भलं म्हणायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

पुढच्या शनिवारी बाबा मला घेऊन मिस्टर वेंडेलकडे गेले. मी पिकअपच्या चाकाशी उभी होते. बाबा खूप सभ्यपणे बोलत होते. आमची कम्युनिटी वेगळी आहे, गैरसमज होतात, तो फोटो दुकानातून काढून घेतला तर बरं होईल. मिस्टर वेंडेल ऐकत होते. दुकानात तो फोटो त्यांनीच स्वतः नेऊन लावला होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला होता, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं होतं. ते म्हणाले, “काढतो. त्यात काय.” मग बाबांच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुलाही तो काढायला हवा आहे का?”

बाबांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या नजरेत धमकी नव्हती. विनवणी होती, आणि ती मी पहिल्यांदाच पाहत होते. मी मान हलवली. हो म्हणून. मिस्टर वेंडेल फक्त “ठीक आहे” म्हणाले आणि शेडकडे निघून गेले. त्या दिवशी आईने दिलेल्या पुऱ्या त्यांना द्यायच्या राहिल्या. मी त्या परतीच्या वाटेवर गाडीच्या खिडकीतून एकेक करून फेकून दिल्या, आणि बाबांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मग शनिवार मंडळाचे झाले. मार्चमध्ये क्लोव्हर पुन्हा पेरायला हवं होतं, टक्कल पडलेल्या जागा भरायला हव्या होत्या. मी दोनदा आठवण केली. बाबा म्हणाले, “पुढच्या शनिवारी नक्की.” मे महिन्यात आई एकदा मला स्वतः ड्राइव्ह करून घेऊन गेली. ती पहिल्यांदाच तिथे येत होती. प्लॉटमध्ये तण माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. ती बंद गेटाशी उभी राहून म्हणाली, “एवढं सगळं तुम्ही दोघांनी केलं होतं?” मिस्टर वेंडेलचा पिकअप त्यांच्या दारात होता. आई म्हणाली, जाऊन भेट. मी गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते? त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबांनी जमीन एका बिल्डरला विकली. मला ते जेवताना कळलं, ते आईला कुठल्यातरी सहीबद्दल सांगत होते तेव्हा. मी विचारलं, “आपली जमीन?” बाबा म्हणाले, “आता कुणाला वेळ आहे, शरू?” काही वर्षांनी मिस्टर वेंडेल गेल्याचं मला इंटरनेटवर समजलं. वर्तमानपत्रातल्या चार ओळींत लिहिलं होतं की त्यांनी अनेक मुलांना जंगलात कसं वागायचं ते शिकवलं.

आई जाऊन आता तीन वर्षं झाली. बाबा आमच्याकडे राहायला आलेत. गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी माझ्या ऑफिसातली तीन-चार मंडळी जेवायला होती, पुण्याचे, मुंबईचे, सगळे तरुण. बोलणं ऑरगॅनिक मांसावर गेलं, कोंबड्यांना काय खायला घालतात वगैरे. बाबांनी चमचा खाली ठेवला. “आमच्या शर्वरीने चौदाव्या वर्षी हरीण मारलंय,” ते म्हणाले. सगळे एकदम माझ्याकडे वळले. मग बाबांनी सांगायला सुरुवात केली आणि फार छान सांगितलं. आंबट माती, चुना, गळ्यातलं यंत्र, आडवी पाडलेली झाडं, तीस पावलं पळालेली हरिणी, सावजी रस्सा. एकही तपशील चुकला नाही. मी ऐकत राहिले, मला पुन्हा तो चुन्याचा वास आला, आणि क्षणभर माझा जीव त्यांच्यासाठी तुटला. मग ते म्हणाले, “आणि त्याच महिन्यात मंडळाची दिवाळी होती. काही लोकांनी नाकं मुरडली. मी भर हॉलमध्ये सांगितलं, माझ्या पोरीने मारलंय, मला अभिमान आहे!”

“वा, काका!” कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. माझी मुलगी आजोबांकडे कौतुकाने पाहत होती.

पाहुणे गेल्यावर मी ओट्यापाशी भांडी विसळत होते आणि बाबा कोरडी करून देत होते. मी विचारलं, “बाबा, त्या दिवशी हॉलमध्ये तू नेमकं काय म्हणाला होतास?”

“म्हणजे? आताच सांगितलं ना. सदावर्त्यांचं तोंड बघायला हवं होतं.”

“नीट आठव.”

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि खरंच आठवायला लागले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे काही लपवलेलं असतं तर मला दिसलं असतं. त्यांना खरंच तसंच आठवत होतं. “तू श्रीखंडाचा ट्रे घेऊन उभी होतीस,” ते म्हणाले, “आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता.” त्यांचे डोळे भरून आले होते. “तुझी आई असती तर तिनेही सांगितलं असतं.”

ज्या माणसाकडून मला पंचवीस वर्षं एक उत्तर हवं होतं, तो माणूस आता माझ्या स्वयंपाकघरात नव्हता. मी हातातली वाटी पुन्हा एकदा विसळली आणि त्यांच्या हातात दिली.